एडब्ल्यूएसवर (अमेझॉनच्या क्लाउडवर) हाताने मशीन, म्हणजे सर्व्हर, चालू होते, पण ऑटो स्केलिंग ग्रुपमधून (गर्दीप्रमाणे मशीन आपोआप वाढवतो-कमी करतो तो) चालू केली की लगेच बंद का पडते? मला तर अ‍ॅडमिनची परवानगी आहे

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तुम्ही म्हणता "मला अ‍ॅडमिनची परवानगी आहे". असेल ना, पण इथे मशीन तुम्ही चालू करूनच नाही राहिले.

मी पण यातच दोन रात्री घातल्या म्हणून सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरूनच काम करतो, कापूस-सोयाबीनचे बाजारभाव दाखवणारं एक लहानसं अ‍ॅप आहे त्याचे सर्व्हर पाहतो. वेचणी सुरू झाली की संध्याकाळी सगळे एकदमच भाव पाहतात अन् दोन मशीनचं काम पाच मशीनवर जाते, तर म्हटलं ऑटो स्केलिंग लावून टाकू, मुंबई रीजनमध्ये. लाँच टेम्प्लेट (मशीन कशी असावी त्याचा साचा) बनवलं, त्यावरून हातानं एक मशीन चालू करून पाहिली, एकदम झकास. ग्रुप बनवला तर मशीन पेंडिंगमध्ये येते अन् अर्ध्या मिनिटात टर्मिनेट, पुन्हा नवीन येते, पुन्हा टर्मिनेट. घरात रेंज नसते म्हणून स्लॅबवर बसलेलो, खालून आई जेवाले ये म्हणून राहिली अन् मी आपला सिक्युरिटी ग्रुप बदलतो, सबनेट बदलतो, काही संबंध नसलेलं सगळं बदलून झालं.

ग्रुप उघडून अ‍ॅक्टिव्हिटीचा टॅब पाहा, बाकी काही पाहू नका आधी. तिथे फेल झालेल्या ओळीच्या शेवटी कारण लिहिलेलं असते. माझ्याकडे होतं "क्लायंट डॉट इंटरनल एरर, क्लायंट एरर ऑन लाँच". तुमच्याकडेही बहुतेक हेच असेल. यात परवानगी हा शब्दच नाही, म्हणून माणूस चकतो. पण डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असेल तर बहुतेक वेळा ही केएमएसच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या चाब्या सांभाळणाऱ्या सेवेतल्या, चाबीची भानगड असते.

आता हे कसं ते पाहा. शेत तुमचं, कोठ्याची चाबी तुमच्या खिशात, पण पहाटे ढोरं सोडायला जातो सालदार. त्याला चाबी दिलीच नाही तर तुम्ही मालक असून काय फायदा. ऑटो स्केलिंगचा सालदार म्हणजे त्याचा सर्व्हिस लिंक्ड रोल, नाव "एडब्ल्यूएस सर्व्हिस रोल फॉर ऑटो स्केलिंग", मध्ये स्पेस न देता, पहिला ग्रुप बनवला की तो आपोआप बनतो. हातानं मशीन चालू करता तेव्हा चाबी तुमच्या युजरची परवानगी वापरून लागते, ग्रुप चालू करतो तेव्हा या रोलची. अन् या रोलच्या स्वतःच्या पॉलिसीत केएमएसचं काही नसते, वरून ती पॉलिसी तुम्हाला बदलताच येत नाही. म्हणून आयएएममध्ये, म्हणजे युजर अन् रोलच्या परवानग्या असतात तिथे, कितीही डोकं आपटलं तरी काही होत नाही बाप्पा, परवानगी चाबीच्या बाजूनंच द्यावी लागते, म्हणजे "की पॉलिसी"त (चाबीवरच लावलेल्या परवानग्यांच्या यादीत).

अमेझॉनची स्वतःची ईबीएसवाली (ईबीएस म्हणजे मशीनच्या डिस्कची सेवा) डिफॉल्ट चाबी असेल तर हे काहीच करावं लागत नाही. तुम्ही स्वतः बनवलेली चाबी असेल तरच. आणि "मी तर एन्क्रिप्शन लावलंच नाही" असं म्हणू नका, रीजनच्या सेटिंगमध्ये कोणीतरी डिफॉल्ट एन्क्रिप्शन चालू करून तिथे आपली चाबी टाकून ठेवलेली असते, माझ्याकडे तेच झालं होतं, अन् तो कोणीतरी म्हणजे मीच, सहा महिन्यांआधीचा.

की पॉलिसीत त्या रोलसाठी दोन स्टेटमेंट लागतात. पहिल्यात एन्क्रिप्ट, डिक्रिप्ट, रीएन्क्रिप्ट, जनरेट डेटा की आणि डिस्क्राइब की, यातल्या रीएन्क्रिप्ट अन् जनरेट डेटा कीपुढे स्टार लावायचा. दुसऱ्यात फक्त क्रिएट ग्रँट, त्याला अट लावायची की "ग्रँट इज फॉर एडब्ल्यूएस रिसोर्स" ट्रू असलं पायजे. लोक पहिलं टाकतात अन् दुसरं विसरतात. मी पण विसरलो, दुसरी रात्र त्यातच गेली, एरर तीच्या तीच येत होती तर मला वाटलं आपला अंदाजच चुकला. डिस्क मशीनला जोडताना ईबीएसला चाबी वापरायची मुभा ग्रँटनेच मिळते, म्हणून ते लागतेच.

दुरुस्ती चालू असताना मिनिमम आणि डिझायर्ड (ग्रुपमध्ये कमीत कमी किती अन् आत्ता किती मशीन पायजे ते आकडे) शून्य करून ठेवा, नाहीतर ग्रुप आपला मशीन चालू-बंद करतच राहते अन् अ‍ॅक्टिव्हिटीत नवी एरर कोणती, जुनी कोणती ते समजत नाही. पॉलिसी सेव्ह केली की डिझायर्ड एक करून पाहा. चाबी डिसेबल किंवा पेंडिंग डिलीशनमध्ये नाही ना तेही पाहून घ्या, तिथेही मशीन अशीच बंद पडते. चाबी दुसऱ्या अकाउंटमधली असेल तर नुसत्या की पॉलिसीनं भागत नाही, तिथली पॉलिसी तुमच्या अकाउंटला मुभा देणारी पायजे आणि मग तुमच्या अकाउंटमधून कमांड लाइननं या रोलच्या नावे ग्रँट बनवावी लागते.

अ‍ॅक्टिव्हिटीत वेगळीच ओळ दिसली, किंवा ग्रुप बनवतानाच "यू आर नॉट ऑथोराइज्ड" आलं, तर मग प्रकरण दुसरं. तिथे अडला सालदार नाही, अडला तुमचा युजर, किंवा टेराफॉर्म (सर्व्हर कोडवरून उभे करायचं टूल) ज्या रोलनं चालते तो. टेम्प्लेटमध्ये इन्स्टन्स प्रोफाइल (मशीनला स्वतःला दिलेला रोल) दिलं असेल तर आधी पासरोल, म्हणजे तो रोल मशीनला द्यायची परवानगी, पाहा, रन इन्स्टन्सेसची (मशीन चालू करायची) परवानगी असते पण पासरोल नसतो, हे लयदा होते. एररच्या मागे कधीकधी हातभर लांब अगम्य मजकूर येतो, तो कचरा नाही, एसटीएसच्या (एडब्ल्यूएसची तात्पुरत्या ओळखीची सेवा) डीकोड ऑथोरायझेशन मेसेज कमांडला दिला की कोणाला, कशासाठी, कुठं नाही म्हटलं ते सरळ सांगते. ती कमांड चालवायची पण परवानगी लागते, हसू नका. क्लाउडट्रेलच्या (अकाउंटमध्ये कोणी काय केलं त्याची नोंदवही) इव्हेंट हिस्ट्रीत मागचे 90 दिवस दिसतात, तिथे ज्या वेळी फेल झालं त्या वेळचा रन इन्स्टन्सेसचा इव्हेंट उघडून युजर आयडेंटिटीत कोणाचं नाव आहे ते वाचा.

तुमची चाबी स्वतःची आहे का डिफॉल्ट तेवढं आधी पाहून सांगा, आणि की पॉलिसी इथे टाकाल तर अकाउंट नंबर खोडून टाका.