वाचकांचे प्रश्न : पीचच्या सुगंधाचा जपानी चहा

प्रश्न : भाच्याने जपानहून पीचच्या सुगंधाचा सेन्चा, म्हणजे हिरवा चहा, आणला. पाकीट उघडताच घमघमाट सुटतो. परंतु नेहमीच्या चहाप्रमाणे पातेल्यात पाच मिनिटे उकळला, तेव्हा तो काढ्यासारखा कडू झाला आणि पीचचा वासही उरला नाही. दूध-साखर घालूनही चव सुधारली नाही. चहा जुना असेल का? आपले डाळिंब घालून असा चहा घरी करता येईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाकिटातून घमघमाट सुटतो, त्या अर्थी चहा जुना नाही, तो उकळला, एवढेच चुकले. सेन्चाची पाने तोडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून ती हिरवी राहतात. त्यांतली कडवट-तुरट कॅटेचिने पाणी जितके कढत तितकी झपाट्याने उतरतात. गोडसर चव देणारे थिअनिन मात्र कमी गरम पाण्यातही उतरते. फळाचा वास बहुतेक वेळा पानांना लावलेल्या अर्काचा असतो, वाळलेल्या तुकड्यांचा त्यात वाटा थोडाच, आणि उकळीबरोबर तो वाफेवाटे निघून जातो. चहा उकळताना तुमच्या स्वयंपाकघरात जो पीच दरवळला असेल, तो कपातून निसटलेला होता.

पाणी 70 ते 80 अंशांचे हवे. त्यासाठी तापमापक लागत नाही. जपानात उकळलेले पाणी निववायला युझामाशी नावाचे वेगळे भांडे असते. बशीत ओतून चहा पिणाऱ्यांना त्यातले मर्म सांगायला नको. उकळते पाणी एका थंड कपातून दुसऱ्या थंड कपात ओतले की दर खेपेला सुमारे दहा अंशांनी उतरते, म्हणून दोन-तीन वेळा ओतावे. दीडशे मिलिलिटर पाण्याला तीन ग्रॅम पत्ती घेऊन, वर झाकण ठेवून, एक मिनिटाने शेवटच्या थेंबापर्यंत गाळावे. पाणी मागे राहिले तर पत्ती मुरत राहते आणि पुढचा कप कडू होतो. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा किंचित अधिक गरम पाणी घालून वीस सेकंदांत गाळावे. या कपात पीच फिका पडलेला असतो, पण मूळ चहा कसा आहे ते इथेच कळते. दूध आणि साखर दोन्ही टाळावीत. पहिला घोट खुशाल फुरका मारून घ्यावा. चहाची पारख करणारेही तसाच घेतात, कारण हवेबरोबर सुगंध नाकापर्यंत पोहोचतो.

बोअरचे जड पाणी वापरत असाल तर ते बदलावे. त्यात हा नाजूक चहा गढूळ आणि बेचव होतो.

डाळिंबाचे म्हणाल, तर 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले फळ दाराशी असताना ते अवश्य वापरावे. मात्र साध्या सेन्चात, आणि उन्हाळ्यात. अर्धा लिटर थंड पाण्यात पाच ग्रॅम पत्ती घालून चार तास फ्रीजमध्ये ठेवावी, गाळावी, आणि पिण्याच्या वेळी प्रत्येक पेल्यात दोन चमचे ताजा रस घालावा. दाणे हलक्या हाताने चुरावेत. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या किंवा पांढरा पापुद्रा त्यांत गेला, तर तुरटपणा परत येतो.

उघडलेले पाकीट हवाबंद डब्यात ठेवून महिन्या-दीड महिन्यात संपवावे. तो डबा शेंगाचटणीच्या शेजारी मात्र नको. चहाची पत्ती लसणाचा वास फार लवकर धरते.