इंग्रजीत मॅचचं वर्णन करताना नेमके शब्द कसे निवडावेत?

पाहिलेल्या सामन्याबद्दल इंग्रजीत लिहायला बसलं की 'गुड मॅच'च्या पुढे गाडी सरकत नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, तुमचं घोडं विशेषणांवर नाही, क्रियापदांवर अडलंय.

मराठीत छत्रीही हरवते आणि समोरच्या संघालाही हरवतात. शाळेत मी निबंधात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'वुई लॉस्ट देम'. बाईंनी समासात लाल पेनने विचारलं, 'कुठे? गर्दीत?' तेव्हापासून पक्कं बसलंय: सामना 'विन' करायचा, संघाला 'बीट' करायचं. 'वुई वन देम'ही चूकच. आणि 'बीट'चा भूतकाळ 'बीट'च, 'बीटेड' नव्हे.

हे जमलं की मग रंग भरा. 5-0 असेल तर 'थ्रॅश्ड', म्हणजे आपलं धुव्वा उडवणं. 2-1 ला तोच शब्द वापरलात तर वाचणारा हसेल. तिथे 'नॅरो विन', निसटता विजय.

बरोबरीपाशी बहुतेक जण घसरतात. फुटबॉलमध्ये 1-1 म्हणजे 'ड्रॉ', अमेरिकेत त्यालाच 'टाय' म्हणतात. पण कसोटी क्रिकेटमध्ये हे दोन वेगळे निकाल आहेत. वेळ संपली, निकाल लागलाच नाही, तर 'ड्रॉ'. 1986 साली मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताला 348 हव्या होत्या आणि शेवटचा गडी 347 वर पायचीत झाला. दोन्ही संघांच्या धावा सारख्या, डाव संपलेले, म्हणून तो 'टाय'. कसोटीत असं त्याआधी एकदाच झालं होतं, 1960 मध्ये ब्रिस्बेनला. त्या मद्रासच्या सामन्याला कुणी 'ड्रॉ' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

शून्यसुद्धा खेळागणिक बदलतं. फुटबॉलमध्ये 'टू-निल', टेनिसमध्ये 'लव्ह'. टेनिसबद्दल लिहिताना 'गेम' शब्द जपून वापरा, कारण तिथे गेम मिळून सेट होतो आणि सेट मिळून मॅच. 'शी वन द गेम' म्हणजे ती सामना जिंकली असं नाही. 'पिच'चंही तसंच. ब्रिटिश फुटबॉलमध्ये ते अख्खं मैदान, क्रिकेटमध्ये फक्त मधली 22 यार्डांची पट्टी.

आणि हो, क्रिकेटमध्ये डाव एकच असला तरी 'ॲन इनिंग्ज'च लिहायचं, शेवटच्या 'ज'सकट. 'ॲन इनिंग' असते ती बेसबॉलमध्ये.