सर्व्हिस फाइलचा नाद सोडा

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचे रजिस्ट्रार वॉल्टर डॅनर यांच्यावर प्रबंध लिहिताय आणि त्यांची सर्व्हिस फाइल मिळत नाही, हे वाचून माझं जुनं रडगाणं आठवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात, तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या फाइलसाठी, मीही असाच लटकलो होतो. एचआर म्हणे अभिलेखागारात जा, अभिलेखागार म्हणे एचआरचं पत्र आणा. शेवटी कळवलं की १९७४ च्या विद्यार्थी-नोंदींच्या कायद्यामुळे फाइल दाखवता येत नाही. अहो, तो कायदा विद्यार्थ्यांचा. हा माणूस तिथे नोकरीला होता! तसं लिहिल्यावर ईमेलला उत्तरच बंद. अख्खं सेमिस्टर त्यात गेलं.

मी वकील नाही, राज्याराज्याचे नियमही वेगळे, पण माझं ऐकाल तर 'होम्स विरुद्ध डॅनर' खटल्याचे कागद काढा. बढत्या-रजा त्यात नसतील, पण काळ्या विद्यार्थ्यांचे प्रवेश-अर्ज कसे अडवले गेले ते शपथेवर सापडेल. हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर या दोन काळ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा नसल्याचं कारण देऊन टोलवत ठेवलं होतं. होम्स शाळेत पहिला आलेला, तरी मुलाखतीत त्याला वेश्यावस्तीबद्दल विचारलं! न्या. बूटल यांनी ६ जानेवारी १९६१ ला दोघांच्या प्रवेशाचा आदेश दिला.

एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर थांबू नका मात्र. ११ जानेवारीच्या रात्री हंटरच्या वसतिगृहाबाहेर दंगल झाली, तेव्हा डीन ऑफ मेन (मुलग्यांचे डीन) विल्यम टेट जमावात घुसून पोरांची ओळखपत्रं काढून घेत होते. आणि त्याच प्रशासनाने निलंबित कुणाला केलं? होम्स-हंटरला, 'त्यांच्याच सुरक्षेसाठी'. कोर्टाच्या आदेशामुळे ते परत आले. टेट नायक, डॅनर खलनायक असं करून मोकळं होऊ नका. दोघंही एकाच संस्थेचे नोकर, आणि वरून राज्याचा तेव्हाचा कायदा असा की काळे-गोरे एकत्र शिकले तर संस्थेचा निधीच बंद.

निवृत्तीच्या वेळच्या गौरवलेखांवर विसंबू नका. माझ्या माणसाच्या लेखात ही वर्षं दोन ओळींत उरकली होती. त्यापेक्षा विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पत्रव्यवहाराची खोकी मागवा. एचआरने नाकारलेल्या पत्रांच्या फिकट कार्बन कॉपी मला तिथेच मिळाल्या, समासात अध्यक्षांच्या शेऱ्यांसकट. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. आणि स्वेटरही, एसी भयंकर असतो.