नर्सच्या बोटात ओपल टिकेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्योतिषांनी शुक्रासाठी सात रत्तींचा ओपल चांदीत घालायला सांगितलाय. झवेरी बाजारात साधारण एकाच मापाचे तीन खडे दाखवले, आठशेचा, साडेचार हजारांचा आणि बावीस हजारांचा. वर दुकानदार म्हणाला, "तिन्ही ओरिजिनल." किमतीचं नंतर बघू. मी अडकलो तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. परळच्या हॉस्पिटलात नर्स आहात आणि अंगठी रोज घालणार आहात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरं तर सगळं तिथूनच ठरतं.

मी पंचवीसेक वर्षं खडे बसवण्याच्या कामात आहे. शिकाऊ असताना काळबादेवीच्या एका कारखान्यात अंगठी सैल करायला आली होती. उस्ताद जेवायला गेलेले. मी शहाणपणा केला, खडा न काढताच डाख लावायला गॅसची झाळ दिली. टक्‌ असा बारीक आवाज आला. भिंगाखाली बघतो तर खड्याच्या पोटात केसासारखी रेघ, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होती. तीन महिने पगारातून पैसे कापले गेले. ओपलच्या पोटात पाणी असतं, हे मी असं शिकलो.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. पाण्याचं प्रमाण बहुधा ३ ते १० टक्के, काही खड्यांत त्याहून जास्त. हिरा-माणकासारखे यात स्फटिक नसतात. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात. ताटात भिजलेला साबुदाणा एकसारखा पसरून त्यावर थरावर थर रचावेत, तसे. गोळे एका मापाचे आणि शिस्तीत असले तर त्यांच्यातून प्रकाश फुटून रंग नाचतात. साबुदाणा लहानमोठा मिसळलेला असेल तर नुसता दुधी दगड. हे १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा रंग दिसतो, लाल दिसायला मोठे गोळे लागतात. लाल चमक कमी सापडते, म्हणून ती महाग.

आता तुमचे तीन खडे. आठशेचा तुम्ही "दुधी, निळसर झाक, आत काही हलत नाही" असा लिहिलाय. तो बहुधा काच आहे, बाजारात तिला ओपलाइट म्हणतात. उजेडापुढे धरला की पिवळट-नारिंगी दिसेल. कुलाब्याच्या फुटपाथवर याच्याच माळा मिळतात. दिसायला छान असतात, घालाव्यात, पण ओपल म्हणून पैसे देऊ नयेत.

साडेचार हजारांचा, पारदर्शकसर, आत हिरवे-केशरी तुकडे चमकणारा, हा इथिओपियाचा वाटतो. तिथल्या वेलो भागात २००८ साली मोठा साठा सापडला आणि तेव्हापासून आपला बाजार याच मालाने भरलाय. कच्चा माल जयपूरला येतो, तिथे कापून-घासून मुंबईत येतो. दुकानात "फायर ओपल" म्हणून दाखवतील तोही पुष्कळदा हाच. खरा फायर ओपल मुख्यतः मेक्सिकोचा, अंगानेच केशरी-लाल, बहुतेक वेळा पैलू पाडलेला. त्यात रंगांचा नाच असेलच असं नाही.

इथिओपियन खडा देखणा असतो, प्रश्नच नाही. गोम ही की यातले बरेचसे खडे पाणी पितात. कोरडा खडा जिभेच्या टोकाला लावला तर चिकटतो. (दुकानात करू नका, लोक बघतात. मी कारखान्यात करतो.) पाण्यात ठेवला की हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो, रंग गायब होतात आणि वजनही वाढतं. वजनावर विकला जाणारा खडा कोरडाच तोलून घ्या, हे त्यातलं व्यवहाराचं. वाळला की रंग बहुधा परत येतात. पण नुसतं पाणी गेलं तर! हळद, खोबरेल, परफ्युम, सॅनिटायझर, साबण जे मिळेल ते तो पीत राहतो आणि सहा महिन्यांत पिवळट, मेलेला दिसायला लागतो. तुम्ही एका पाळीत किती वेळा हात धुता ते मोजा.

अजून एक. अंगठी सिद्ध करायला लोक ती रात्रभर कच्च्या दुधात बुडवून ठेवतात. माझ्याकडे अशी एक अंगठी आली होती, खडा ताकासारखा झालेला. श्रद्धेला माझी ना नाही, पण दुधाचं बोट लावून पुसून घ्या. शुक्र तेवढ्यावर रागावेल असं मला वाटत नाही.

बावीस हजारांच्या खड्याबद्दल तुम्ही लिहिलंय, काळ्या अंगावर लाल-हिरवे पट्टे, दुकानदार म्हणाला "ब्लॅक ओपल, ऑस्ट्रेलिया". इथे मी थांबेन. खरा ब्लॅक ओपल बहुतेक करून न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचा. गडद अंगामुळे रंग उठून दिसतात, आणि ओपलमध्ये सगळ्यात मान त्यालाच. सहा कॅरटचा (तुमच्या सात रत्ती म्हणजे साधारण तेवढ्याच) लाल चमकीचा खडा या भावात कोणी हातात ठेवणार नाही. मग तीन शक्यता उरतात. एक, इथिओपियन खडा धुराने काळा केलेला. दोन, प्रयोगशाळेत बनवलेला. त्यात रंगांची नक्षी भिंगाखाली सापाच्या कातडीसारखी खवलेखवले दिसते. तीन, आणि मला हीच जास्त वाटते, डब्लेट: ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला. त्यावर आणखी काचेची किंवा गारगोटीची म्हणजे क्वार्ट्‌झची टोपी बसवली की ट्रिपलेट. खडा आडवा धरून कडेने बघा. सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ असेल तर जोडकाम. क्वीन्सलँडचा बोल्डर ओपलही तपकिरी लोहदगडाच्या पाठीसकट कापतात, पण तिथली रेघ निसर्गाची, वेडीवाकडी. मात्र बंद कोंदणात बसवलेल्या खड्याची कड दिसतच नाही, म्हणून खडा सुटाच बघायचा.

डब्लेट फसवणूकच असते असं नाही, सांगून विकला तर चांगला दागिना होतो. पण रोजच्या पाण्याने डिंक सुटतो आणि कडेपासून करडं धुकं आत शिरतं. ते परत निघत नाही.

मग तुमच्यासाठी काय? ऑस्ट्रेलियाचा पांढरा सलग (म्हणजे जोडकाम नसलेला, अख्खा) ओपल, कूबर पेडीकडचा. रंग जरा मवाळ, पण पाणी पीत नाही. तरी रोजच्या अंगठीला मी कचरतोच. ओपलचा कठीणपणा दहापैकी (मोह्‌स मापावर) ५.५ ते ६.५. आपल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, ते ७. लोकलच्या दांड्याला धरलेला हात, कपाटाचं हँडल, दोन वर्षांत खड्याची झिलई जाते. त्यात ओपल वजनाला हलका. सात रत्तींचा पुष्कराज आणि सात रत्तींचा ओपल शेजारी ठेवलात तर ओपल जवळजवळ दुप्पट आकाराचा भरेल. एवढा उंच खडा बोटावर म्हणजे जिथे तिथे ठेच. शिवाय हातमोजे चढवताना अडकेल तो वेगळाच.

म्हणून माझं मत, पेंडंट करा. चांदीत, गळ्यात, मागून उघडं ठेवलं की अंगाला लागायचं ते लागेल. ज्योतिषांना एकदा विचारा, बरेच जण चालेल म्हणतात. अंगठीच हवी असं ते म्हणाले तर पांढरा सलग खडा, बसका घाट, कडा चहूबाजूंनी वर घेतलेलं कोंदण (नखांवर उभा केलेला खडा नको) आणि ड्युटीला जाताना काढून ठेवायची. मागून उघडी अंगठी डब्लेटला आणि पाणी पिणाऱ्या खड्याला घातकच. माप बदलायचं झालं तर आधी खडा काढायला सांगा. धुताना फक्त ओलसर मऊ फडकं. दुकानातलं अल्ट्रासोनिक मशीन नको आणि वाफ तर नकोच. तेलात बुडवून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, मुंबईच्या हवेत दमटपणा काय कमी आहे?

बावीस हजार खर्च करायचे असतील तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा आणि त्यात खड्यावर काही प्रक्रिया केली आहे का, ती ओळ आधी वाचा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली कुठलाही ओपल पेटतो, तेव्हा खडा उचलून दारापर्यंत उजेडात न्यायला लाजू नका. आणि तिसऱ्या खड्याचा फोटो कडेने काढून इथे टाका. रेघ सरळ आहे की वाकडी, ते बघून सांगतो.