पहिल्यांदा विमानाने निघालायस? मग हातातली बॅग नीट भर

अरे, पहिलं काम पॉवर बँकेचं. ती चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची. मर्यादा 100 वॉट-तास. तुझी 20,000 एमएएचची असेल तर 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भाग, 74 वॉट-तास येतात, म्हणजे बिनधास्त ने. फक्त विमानात सीटच्या वरच्या कप्प्यात टाकू नकोस.

परदेशी जाताना द्रवपदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंतच. इथे भले भले फसतात: 200 मिलीची बाटली अर्धी रिकामी असली तरी काढून घेतात, कारण बघतात तो बाटलीवरचा आकडा. सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत भर. पातळ तूपही द्रवच बरं का! नौपाड्यातून निघताना आईने दिलेली लोणच्याची बरणी मी हातातल्या बॅगेत कोंबली होती. तपासणीच्या टेबलावरच राहिली ती. तेलाचा ओघळ मात्र शर्टांना लागून सोबत आला.

सुकं खोबरं घरीच ठेव, त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकतं. आजोबांचा अडकित्ता चेक-इनमध्ये. चकल्या, लाडू खुशाल ने. आणि घरच्या वजनकाट्यावर हातातली बॅग तोल; देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 7 किलोच चालतं.