जर्मनीतल्या पोस्टडॉकवर सही करण्याआधी

पुण्यात मायक्रोबायोलॉजीची पीएचडी संपत आलीय, जर्मनीच्या एका विद्यापीठात जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम) मिळतोय, पुढे तिथंच प्राध्यापक होता येईल का, असं तुम्ही विचारलंय. पोस्टडॉकसाठी खुशाल या. प्राध्यापकीचं मात्र धरून चालू नका.

इथं विद्यापीठाने संशोधकाला मुदतीच्या करारावर किती वर्षं ठेवायचं, याचा कायदाच आहे. पीएचडीआधी 6 वर्षं, नंतर 6. पीएचडी 5 वर्षांत उरकली असेल तर वाचलेलं वर्ष पुढे मिळतं. मूल असेल तर प्रत्येकामागे 2 वर्षं वाढू शकतात. त्यानंतर एकतर कायम जागा, नाहीतर बाहेरच्या ग्रँटवर (एखाद्या प्रकल्पासाठी मिळालेल्या निधीवर), प्रकल्प चालेल तोवर. आणि प्राध्यापकी सोडली तर कायम जागा फारच थोड्या. 2021 मध्ये ‘इश बिन हाना’ (‘मीच हाना’; हाना म्हणजे या कायद्याचं समर्थन करणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक) म्हणत हजारो संशोधक ट्विटरवर यावरच तुटून पडले होते.

तेव्हा आधी विचारा: पगार विद्यापीठाच्या पैशातून की ग्रँटमधून? ग्रँट कधी संपते? वेतनश्रेणी ई13 (इथल्या सरकारी वेतनतक्त्यातली संशोधकांची श्रेणी) असेल, पण पूर्णवेळ, म्हणजे 100 टक्के का? 65 टक्के पीएचडी करणाऱ्यांना देतात, तुम्ही घेऊ नका. आधीच्या अनुभवानुसार श्रेणीतली पगाराची पायरीही सहीपूर्वीच ठरवून घ्या. जेआरएफची (भारतातल्या पीएचडीच्या शिष्यवृत्तीची) वर्षं नोकरी म्हणून मोजतीलच असं नाही.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज करायचा तर वेळ सांभाळा. अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त महिने जर्मनीत काढलेत, तर जर्मनीतल्या लॅबसाठी तुम्ही बाद. इथं रुळल्यावर बघू म्हणणारे यातच अडकतात.

लोणारचे आयसोलेट (तिथून वेगळे करून वाढवलेले जिवाणू) बॅगेत घालून आणायचे म्हणताय, ते सोडाच! 2002 च्या जैवविविधता कायद्याची परवानगी लागते, आणि इकडेही नागोया कराराचे (दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद मागतात. लॅबमध्येही तोच खाक्या: साधं प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) ई. कोलाय जिवाणूत घातलं तरी जनुक कुठल्या जीवाचा, वेक्टर (जनुक वाहून नेणारा डीएनए) कुठला, जोखीम गट कोणता, सगळं नोंदवायचं. पहिले काही आठवडे वैताग येतो.

जर्मन मॅक्सम्युलर भवनात आत्ताच सुरू करा. लॅब इंग्रजीवर निभते, पण बॅचलरचे तास आणि विभागाच्या बैठका बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच.

परतायचं झालं तर भारत सरकारची परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, पण कायम नोकरीची हमी तीही देत नाही. जर्मनीच्या करारात मुदतीच्या कायद्याचं कुठलं कलम लिहिलंय ते कळवा, मग मुदतीचं नेमकं सांगता येईल.