उरलं काय, ते बघ

तुझं पत्र तीनदा वाचलं. २००८ चा मेलानोमावरचा, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगावरचा, तो पेपर वाचल्यापासून झोप उडाली आहे, कर्करोगाच्या मूलपेशी, म्हणजे गाठ नव्याने उभी करू शकणाऱ्या मोजक्या पेशी, ही कल्पनाच पोकळ निघाली तर त्यावरच्या कामाची दोन वर्षं पाण्यात गेली, असं लिहिलं आहेस.

पेपर पुन्हा वाच. या वेळी पेशींकडे नको, उंदरांकडे बघ. माणसाच्या मेलानोमाच्या पेशी उंदरांत टोचल्या, तर जुन्या जातीच्या उंदरांत साधारण दहा लाखांतली एखादीच गाठ धरत होती. प्रतिकारशक्ती आणखी खच्ची केलेले उंदीर घेतले, तर चारांतली एक. पेशी त्याच, उंदीर आणि प्रयोगाची रीत बदलली. म्हणजे 'मूलपेशी दुर्मीळच असतात' हे सगळ्या कर्करोगांना सरसकट लागू नाही, एवढंच. रक्ताच्या कर्करोगात मोजक्याच पेशी उंदरांत रोग सुरू करतात, हे जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं, ते यानं पुसलं जात नाही.

आणि त्या सीडी४४, सीडी१३३ चा, मूलपेशी ओळखायला वापरतो त्या पेशीवरच्या प्रथिनांच्या खुणांचा (मार्करांचा), नाद थोडा कमी कर. मार्कर म्हणजे अंगावरचे कपडे, पेशी ते बदलते. साधी कर्करोगपेशीसुद्धा वेळ आली की मूलपेशीसारखी वागू लागते. मग मूलपेशी तेवढ्या टिपल्या की काम झालं, असं कसं म्हणायचं? औषध दिल्यावर उरलं काय, ते बघ.

माझ्या एका प्रयोगात शंभरातल्या नव्याण्णव पेशी मेल्या. आलेख झकास आला, कौतुक झालं आणि मी पेशी वाढवायची ती प्लेट टाकून दिली. उरलेल्या एका टक्क्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चार वर्षांनी तोच प्रयोग केला आणि यंदा थांबले. अठराव्या दिवशी प्लेट गच्च भरलेली! उरल्या होत्या त्या निवांत पडलेल्या, तेव्हा विभाजन न करणाऱ्या पेशी. केमोचा मारा मुख्यतः विभाजन करणाऱ्यांवर, या निसटल्या आणि मग जाग्या होऊन वाढल्या. ती चार वर्षं मला अजून टोचतात.

गाठ आक्रसली की सगळे खूश. अरे, पण उरलं काय? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिबच्या गोळीने कमाल केली. तरी दोन वर्षं रक्तात रोगाचा मागमूस नसलेल्यांची गोळी थांबवून पाहिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत तो परतला. बाकीच्यांत का नाही परतला? हा प्रश्न घे ना!

माझा अर्ज दोनदा नाकारला, 'प्रयोग फार लांबतात' म्हणून. लांबणारच. रोग परत यायला वेळ घेतो, तर बघणाऱ्यानं घाई का करावी? हट्टी म्हणतात मला. म्हणोत.

विषय खुशाल बदल. पण सध्याची प्लेट टाकू नकोस. औषध काढ, तीन आठवडे थांब, मोज आणि आकडा कळव. शून्य आला, तर आणखी एक आठवडा थांब.